हुकाची जागा

ठमाकाकू उताण्या पडल्या आणि तिला एकदम इतका आनंद झाला की तिने त्यांना उचललंसुद्धा नाही. ठमाकाकू म्हणजे तिच्या शिवणाच्या दुकानातली मापाची बाहुली. डोकं नाही, हात नाहीत, कापडाने मढवलेलं धड आणि खाली तीन पायांची लाकडी बैठक. अर्धा शिवलेला कोट अंगावर घालून त्या सकाळपासून खिडकीत उभ्या होत्या. भाचीने पाठवलेला फोटो नीट दिसावा म्हणून ती फोन घेऊन उजेडाकडे सरकली, तेव्हा कोटाच्या कॉलरीतून लोंबणारा कच्चा धागा तिच्या बाहीच्या बटणात अडकला होता. चांगला दुहेरी धागा, मेला तुटला नाही. गळ्याला मागून ओढ बसली आणि काकू मागच्या मागे आडव्या झाल्या. फोटोत एक हूक होता, लाल रंगाचा, अजून ओला दिसणारा. खाली भाचीने लिहिलं होतं, ‘बघ आत्या, कसला भारी बसवलाय! उद्या पहिली ट्रॉली वर नेणार.’ तिने फोटोकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या काकूंकडे, मग परत फोटोकडे. हूक ट्रॅक्टरच्या पाठीला होता, खूप वर, बसायच्या सीटच्या जरा खाली. गळ्याशीच म्हणा ना. इतकी वर्षं डोक्यात कुठेतरी टोचत राहिलेली सुई एकदम बोटांच्या चिमटीत सापडावी, तसं तिला झालं.

खात्री करून घ्यायला हवी होती. तिने काकूंना उभं केलं, त्यांच्या गळ्यात मापपट्टी अडकवली आणि मागून हळूच ओढलं. काकू पडल्या. पुन्हा उभं केलं आणि पट्टी खाली, तीन पाय जिथे एकत्र येतात तिथे गुंडाळून ओढलं. काकू फरशीवर खरखर करत ताठ मानेने, म्हणजे मान असती तर ताठच असती, मागे सरकत आल्या. मग तिने जोरात हिसका देऊन पाहिला. जरा डगमगल्या, पण पडल्या नाहीत. पँटची उंची कमी करून घ्यायला आलेली एक बाई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ‘काय चाललंय?’ तिने घाबरत विचारलं. ‘काही नाही हो, वडिलांचं एक काम राहिलं होतं,’ ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिलाच कळलं की हे अक्षरशः खरं आहे. तिने भाचीला लिहिलं, ‘मी येतेय. मी येईपर्यंत ट्रॉली जोडायची नाही.’ उत्तर आलं, ‘का गं?’ तिने लिहिलं, ‘येऊन सांगते.’ मग दुकान ओढून घेतलं आणि बसथांब्याकडे निघाली. मापपट्टी आणि कात्री गळ्यात तशीच लोंबत राहिली होती, ते बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

ती भांडायला निघाली होती. दादाशी. आणि दादापुढे, म्हणजे भाचीच्या बापापुढे, ती आजवर एकदाही जिंकली नव्हती. दादा आवाज चढवत नाही, हात उगारत नाही, तो हसतो. तुम्ही तुमचं म्हणणं जुळवून, घडी घालून त्याच्यापुढे ठेवावं आणि त्याने त्याच्याकडे बघून नुसतं हसावं. मग तुमचं म्हणणं तुम्हालाच पोरकट वाटायला लागतं. शिवणकाम शिकायचं म्हणाली तेव्हा हसला होता, शहरात दुकान टाकते म्हणाली तेव्हा हसला होता. वाईट नाही हो दादा. आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसणारा, लेकीला हवं ते करू देणारा. पण त्या हसण्यापुढे बाबासुद्धा हरले होते, तिथे तिची काय कथा! खिडकीबाहेर गोदामं, पत्र्याच्या शेड, वाळत घातलेले कपडे मागे जात होते. भीती होतीच. भाचीला आपण नुसतं ‘जोडू नकोस’ एवढंच लिहिलं, कारण सांगितलं नाही, आणि ती पोरगी बापावर गेलेली, म्हणेल आत्या नेहमीचीच भित्री, चल बाबा, एक फेरी मारून तर बघू. त्या चढावर. पुढे ती विचार करायला तयार नव्हती, कारण पुढचं तिला पाठ होतं.

तो चढ वस्तीच्या रस्त्यापासून वर घरच्या रोपवाटिकेकडे जातो. फार मोठा नाही, पण मधेच एक आडमुठं वळण आहे आणि त्याच्यापुढे छाती वर काढल्यासारखी जमीन आहे. ती तेव्हा शाळेत होती, कुंपणाच्या तारेवर हनुवटी टेकून उभी होती. बाबा खत-मातीची ट्रॉली घेऊन येत होते. ट्रॅक्टर छोटा, तेव्हाही जुनाच, दुसऱ्याच्या हातून आलेला. ट्रॉली शेजारच्यांची, मोठ्या ट्रॅक्टरची. वळणापाशी ट्रॅक्टर थांबला. बाबांनी गिअर बदलला, क्लच सोडला, आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. आवाज काही झाला नाही. तिला आठवते ती शांतताच. चाकं आभाळात फिरत होती आणि त्यांना लागलेला चिखल ओघळत होता. बाबा कुशीवर फेकले जाऊन रोपांच्या वाफ्यात पडले. ट्रॅक्टर क्षणभर शेपटीवर उभा राहिला, मग ट्रॉली जोडणारा दांडा मोडला आणि तो परत चार चाकांवर आपटला. दांडा मोडला म्हणून. नसता मोडला तर. खांद्याचं हाड मोडलेले बाबा वाफ्यातून उठून बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, ‘मी सावकाशच सोडला होता.’

ते वाक्य त्यांनी दवाखान्यात सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, ज्याची ट्रॉली त्या शेजाऱ्यालाही सांगितलं. ‘मी क्लच सावकाशच सोडला होता हो.’ सगळे मान डोलवायचे. ‘होतं असं. पाय सटकतो.’ दादा तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला. त्याने एक नक्कल बसवली. खुर्चीवर बसायचं, लगाम धरल्यासारखे हात करायचे, आणि खुर्चीसकट मागे झुकून ओरडायचं, ‘मी सावकाशच सोडला होता!’ हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. बाबांचं नाव घोडेस्वार पडलं. काही वर्षं त्यांनी प्रतिकार केला, मग तेही हसायला लागले, मग ते वाक्य त्यांनी बोलायचंच सोडलं. ट्रॅक्टर फक्त सपाटीवर, मागे नांगर लावून चालवला, आणि पुढे तोही सोडला. पण त्यांचा डावा पाय काही गप्प बसला नाही, अजूनही बसत नाही. हे फक्त तिने पाहिलं होतं. बाबा खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत असले, की त्यांचा डावा पाय जमिनीला दाबला जायचा आणि मग हळूहळू, दिसेल न दिसेलसा, वर यायचा. पुन्हा दाबला जायचा, पुन्हा सावकाश वर. कुणी म्हणे म्हातारपणाचा चाळा आहे. तिला माहीत होतं, ते त्या दिवसाची तालीम करतायत. कुठे चुकलं ते शोधतायत, आणि सापडत नाही, कारण ते तिथे नाहीच. ते पायात नव्हतंच, ते ट्रॅक्टरच्या पाठीत होतं. इतकं साधं! तिने बसमध्ये एकटीनेच मांडीवर हात मारला, तशी शेजारच्या माणसाने तिच्या गळ्यातल्या कात्रीकडे बघून जरा सरकून घेतलं.

उतरली तर वेल्डरच्या शेडसमोर तोच ट्रॅक्टर उभा. किती लहान दिसत होता! मनात तो केवढा होता. पुढचे दिवे गोल, एकाची काच तडकलेली, बॉनेटचा रंग उडून खालचा जुना रंग डोकावतोय. मागे ट्रॉली. ती पाहूनच तिला सगळं उलगडलं. ही ट्रॉलीसुद्धा मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाची, दांडा उंचावर. दांडा खाली टेकवला तर ट्रॉली पुढे झुकणार, कुंड्या कलंडणार, म्हणून या शहाण्यांनी ट्रॅक्टरचाच हूक वर नेला होता. तेव्हाही हेच केलं असणार. रोपवाटिकावाल्यांची अक्कल ही, आधी कुंडी सरळ राहिली पाहिजे, मग माणूस. ‘आलीस?’ दादा म्हणाला आणि हसला. भाची सीटवरच बसली होती, हातात चावी फिरवत. ‘बोल आत्या, काय झालंय? माझे बाबा म्हणतात तुला स्वप्न पडलं असेल.’

‘तू आधी खाली उतर,’ ती म्हणाली. ‘मिस्त्री, हा हूक इथे कुणी लावायला सांगितला?’

वेल्डरने काळा चष्मा कपाळावर ढकलला. ‘ताई, गिऱ्हाईक दाखवतं तिथे मी लावतो. दादा म्हणाले, ट्रॉली लेव्हलला आली पाहिजे.’

‘आलीच आहे की!’ दादा म्हणाला. ‘पाणी ओतून बघ, थेंब हलणार नाही. आणि जोड असा पक्का आहे की हत्ती बांध.’

‘जोड पक्का आहे हीच तर भीती आहे,’ ती म्हणाली. ‘त्या वेळी दांडा मोडला म्हणून बाबा वाचले.’

दादा हसला. आलं, ते हसणं आलं. ‘अगं, बाबांचा पाय सटकला होता. आता ही चालवणार आहे, हिचा पाय काय मऊ आहे बघ. घोडेस्वारांची नात असली तरी...’ आणि तो खुर्चीशिवायच मागे झुकून लगाम ओढायला लागला. भाचीला हसू फुटलं. वेल्डरलाही. बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं घडी मोडून पडली, आणि त्या क्षणी तिला वाटलं, झालं, हरले मी, परत जावं आणि कोट पुरा करावा. मग दादाची कॉलर दिसली. नक्कल संपवून तो भाचीकडे वळला होता, पाठ तिच्याकडे होती, आणि कॉलर अगदी समोर होती. आयुष्यभर तिने कॉलरी हाताळल्या होत्या. तिने ती पकडली.

‘दादा, पुढे चाल.’

‘काय करतेस!’

‘चाल ना. जोर लावून चाल. मी ट्रॉली आहे.’

तो गंमत म्हणून जोरात पुढे निघाला. तिने नुसतं धरून ठेवलं, ओढलंही नाही. त्याचे पाय पुढे गेले, मान मागे राहिली, आणि हा साठीकडे झुकलेला, चांगला भरलेला माणूस हात फिरवत मागच्या मागे तिच्या अंगावर आला. वेल्डरने धावत येऊन सावरला, नाहीतर दोघंही जमिनीवर गेली असती. ‘आता परत,’ ती म्हणाली, आणि या वेळी तिने त्याचा कमरेचा पट्टा धरला. दादा पुढे निघाला. ती त्याच्यामागे चपला घासत फरफटत गेली, शेडच्या दारापासून रस्त्याच्या कडेपर्यंत. तो डगमगला नाही. त्याचे पाय उलट जास्तच रोवले जात होते. रस्त्याच्या कडेला तो थांबला आणि वळला. कॉलर एका बाजूला गेलेली, चेहरा लाल झालेला. तो हसत नव्हता.

‘परत कर,’ तो म्हणाला.

‘कॉलर की पट्टा?’

‘कॉलर.’

तिने कॉलर धरली. या वेळी तो सावकाश निघाला, एकेक पाऊल जपून, जणू पायाखाली काच आहे. तरीही मागे कलंडला. इतका सावकाश जाऊनही. कलंडता कलंडता त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिला कळलं की तो आता वाफ्यात बसलेले बाबा बघतोय. भाची केव्हाच ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बसली होती. हुकावर हात, मग मोठ्या चाकाच्या मध्यावर हात, असं करत ती म्हणाली, ‘हूक मागच्या एक्सलच्या वर आहे आत्या. चाकं पुढे ढकलणार, ओझं वरून मागे खेचणार. एक्सलच्या खालून ओढलं तर पुढचं तोंड उचलायला गेलं की हूक आणखी खाली जाईल, म्हणजे तोंड खालीच दाबलं जाईल.’ तिला हे इतकं नीट सांगता आलं नसतं. पण सांगायची गरज काय, तिने भाऊ पाडून दाखवला होता.

मग जे सुरू झालं ते तिच्या ओळखीचं होतं, बेतणं. वेल्डर म्हणाला, मागे नांगर उचलणारे दोन हात असतात, त्यांच्यामध्ये आडवी पट्टी टाकून पिन लावू, ती जागा खाली आहे. ‘पण ते हात वर जातात ना?’ तिने विचारलं. जातात. म्हणजे चुकून कुणाचा हात लागला तर हूक आपोआप वर चढणार. त्यांना वर जाऊ न देणारे टेकू लावता येतील, वेल्डर म्हणाला, पण ते दर वेळी आठवणीने लावायला हवेत. आठवणीवर तिचा विश्वास नव्हता, या घराच्या आठवणीवर तर नाहीच. ‘जे हलतच नाही असं काही नाही का?’ वेल्डर ट्रॅक्टरखाली आडवा झाला आणि खरवडायला लागला. चिखलाचे, ग्रीसचे पापुद्रे पडत राहिले, आणि मग गिअरबॉक्सच्या पोटाखालून एक जाडजूड पोलादी पट्टी दिसायला लागली, मागे आलेली, टोकाला भोक असलेली. ट्रॅक्टर बनवणाऱ्याने ती जागा पहिल्यापासून करूनच ठेवली होती. कुणाची ट्रॉली तिथवर पोचली नाही म्हणून कुणी तिथे वाकून बघितलंच नाही. दादा गुडघे टेकून त्या पट्टीकडे बघत राहिला.

भोक झिजून लांबट झालं होतं. तिने गळ्यातली मापपट्टी लावली आणि मान हलवली. ‘काज सैल झालं की बटण सुटतंच. पट्टी नवी करा. पिन या भोकाच्या मापाची, हलता कामा नये, आणि खालून क्लिप. शिवाय सुटलीच तर ट्रॉली धरून ठेवणारी साखळी.’ वेल्डरने सगळ्याला होकार दिला. ‘पण ताई, ट्रॉलीचा दांडा इतका खाली येणार नाही. आला तर ट्रॉली तोंडावर झुकेल. कुंड्यांचं काय?’ दादाही तेच विचारत होता, पण आता विचारत होता, सांगत नव्हता. तिला हसू आलं. जन्मभर गिऱ्हाईकं यायची, कपडा घट्ट झाला की म्हणायची, मीच बारीक होते महिन्याभरात. आणि ती म्हणायची, बाई गं, तू आहेस तशी रहा, शिवण उसवूया. ‘दांडा कापा आणि खालच्या बाजूने जोडा,’ ती म्हणाली. ‘ट्रॉलीला बेता. ट्रॅक्टर आहे तसा राहू दे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी चढाच्या माथ्यावर बाबांची खुर्ची ठेवली. बाबांना कुणी काही सांगितलं नव्हतं. दादा म्हणाला, मला सांगता येणार नाही, तू सांग. आणि ती म्हणाली, त्यांना बघू दे. ट्रॉली अर्धीच भरली होती, कुंड्या सरळ रेषेत. लाल हूक वेल्डरने कापून काढला होता, त्या जागी नुसता काळा डाग उरला होता. भाचीने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि निघाली. ट्रॅक्टरचा तो खोकल्यासारखा आवाज ऐकून बाबा खुर्चीत ताठ झाले. वळण आलं. तिथेच, नेमकं तिथेच भाचीने ट्रॅक्टर थांबवला आणि गिअर बदलला. बाबांचा डावा पाय जमिनीला दाबला गेला होता. ती खुर्चीशेजारी उभी होती, डोळे चाकांवर. लहान, गुळगुळीत होत आलेली, बावळट दिसणारी ती दोन पुढची चाकं. इंजिन घुमलं, दोर ताणल्यासारखा सगळा सांगाडा एकदा करकरला, मागची मोठी चाकं मातीत रुतली, आणि पुढची चाकं जमिनीला चिकटून राहिली. चिकटून वर आली. मातीत दोन स्वच्छ रेघा काढत, वळणावरून, छाती काढलेल्या त्या जमिनीवरून, थेट माथ्यावर, बाबांच्या खुर्चीपर्यंत. एकही कुंडी कलंडली नाही. तिला ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीच, शब्द नसलेलं काहीतरी. खाली शेडपाशी वेल्डरने हातातली पक्कड पत्र्यावर वाजवली.

बाबा उठले. हळूहळू ट्रॅक्टरला वळसा घालून मागे गेले, वाकले, खालची पट्टी बघितली, पिन बघितली, मग वरचा काळा डाग बघितला. त्या डागावर त्यांनी हात ठेवला. ‘त्या वेळी इथे होता,’ ते म्हणाले.

‘हो बाबा,’ ती म्हणाली. ‘इथे होता.’

‘मी सावकाशच सोडला होता.’

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी नकळत दादाकडे पाहिलं. दादा नाक ओढून म्हणाला, ‘हो बाबा. तुम्ही सावकाशच सोडला होता. मी गाढव.’

‘ट्रॉली सोड,’ बाबा भाचीला म्हणाले. भाचीने चाकांखाली दगड लावले, क्लिप काढली, पिन उपसली. माथ्यावरची जागा अंगणासारखी सपाट होती. दादाने एक हात दिला, तिने एक, आणि बाबा सीटवर चढून बसले. दोघं बाजूला झाली. बाबांनी डावा पाय क्लचवर ठेवला, दाबला, गिअर टाकला, आणि सोडायला लागले. तो पाय वर येताना दिसतच नव्हता. त्यांचा गुडघा हलत नव्हता, पाठ हलत नव्हती, खांदा हलत नव्हता. आणि ट्रॅक्टर केव्हा चालायला लागला ते तिथे उभ्या असलेल्या कुणालाही सांगता आलं नसतं, दादाला तर नाहीच.